पावती मालकाची, टेकू कुणाचे?

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. तिथले रहिवासी यादीत आपलं नाव बघतात, गळक्या कोपऱ्यात बादली सरकवतात आणि तिथेच राहतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. पण भाड्याचं घर सुरक्षित ठेवायचं कुणी, हा प्रश्न या शहरात सव्वाशे वर्षं या हातातून त्या हातात फिरतो आहे.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. मग सरकारी पथकं चाळींत शिरली, रुग्ण सापडलेल्या घरांच्या भिंतींवर वर्तुळं रंगवली गेली. भाड्याची खोली हा आरोग्याचा विषय आहे, हे सरकारला तेव्हा पटलं. १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या. त्याच बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत १९१२ ते १९३४ डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन खोल्यांत राहत होते. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि पालिकाच या चाळींची घरमालक झाली.

दुसरा सरकारी मालक १९२०चा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी अशा चार ठिकाणी २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, शौचालय मजल्याच्या टोकाला सामायिक. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्याच होत्या, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पण शहरातले बहुतेक भाडेकरू खासगी मालकांच्या चाळींत होते, आणि खरा गुंता तिथलाच. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवलं. गोरगरिबांना त्याचा आधार मिळाला, तो नाकारता येणार नाही. घर राहण्याजोगं ठेवायचं मालकाने, हेही कायद्यात होतंच. १९९९च्या नव्या कायद्याच्या कलम १४मध्येही ते आहे: मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. अट एवढीच की एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या पाव हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. आता हिशेब मांडा. महिना दीडशे रुपये भाडं धरलं तर वर्षाचे अठराशे, त्यातले कापता येतात साडेचारशे. वाळवीने पोखरलेली सागवानी तुळई बदलायची तर साडेचारशेत सुतार जिना चढायलाही तयार होणार नाही. मालकाचं म्हणणं, एवढ्या भाड्यात परवडतं कुठे. आणि पागडी, म्हणजे खोली घेतानाच एकरकमी पैसे, देऊन आलेला भाडेकरू म्हणणार, आम्ही तेव्हाच मोजलेत. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७मध्ये गोठवलेलं भाडं कालांतराने अवाजवी ठरल्याचं म्हटलं होतं. नव्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आली, पण तुळया त्याच्या कितीतरी आधी खचल्या होत्या.

साठच्या दशकात इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने मधला मार्ग काढला. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती उपकर लावला, तो मालमत्ता करासोबत गोळा व्हायचा आणि त्यातून दुरुस्ती मंडळ काम करायचं. अशा उपकर लागलेल्या, म्हणजे उपकरप्राप्त, १९,६४२ इमारती होत्या, त्यांतल्या १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या. तारीख पुन्हा तीच! मंडळाने असंख्य इमारती सावरल्या हे खरं. पण खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा होती, तिच्या वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा. तो भरता आला नाही की टेकू लागायचे. जिन्याखाली, गॅलरीखाली, कधी थेट स्वयंपाकघरात. तात्पुरता म्हणून आलेल्या टेकूवर लोक कॅलेंडर टांगत.

मालक सरकारी असला तर घर सुरक्षित, असंही नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ माणसं गेली. इमारत महापालिकेची होती आणि वर राहत होती पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबं. वय जेमतेम तीस-पस्तीस. तळमजल्यावरच्या गोदामात फेरफार झाल्याचं नंतर पुढे आलं. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचं बंधन पालिकेच्या कायद्यात २००९मध्येच आलं होतं.

उपकरप्राप्त इमारतींसाठी ताजा बदल म्हाडा कायद्यातल्या कलम ७९-अचा. विधिमंडळाने तो २०२०मध्ये केला, राष्ट्रपतींची संमती २०२२मध्ये मिळाली. इमारत धोकादायक ठरली की पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने, त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि दोघांनीही हात वर केले तर म्हाडाने जागा ताब्यात घ्यायची. या दोन टप्प्यांतच वर्ष भरतं, म्हणजे एक पावसाळा त्यात येतोच.