लाल लुगडं काळं कसं आलं

आज्जीचं लुगडं लाल आहे, आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या मागावरचं. फोटोत ते काळं आलं, एकदम कोळशासारखं, आणि मागचं निळं आभाळ एवढं पांढरं की तिथं कागद कोराच राहिलाय असं वाटावं. प्रोजेक्टच्या फोटोंबरोबर पार्श्वभूमीची दोन पानं लावायची आहेत, ती लिहायला बसलो तर सगळा इतिहास ह्या लुगड्याभोवतीच फिरायला लागला, म्हणून तसाच लिहितोय.

आधी केलं काय ते सांगतो. चहापावडरचा पत्र्याचा डबा घेतला, आतून काळा रंगवला, एका बाजूला सुईनं ०.४ मिलिमीटरच्या आसपासचं भोक पाडलं आणि समोर १० सेंटिमीटरवर फोटोचा कागद चिकटवला. लेन्स नाहीच. हिशेब केला तर हे एफ २५० होतंय, म्हणजे कागद भोकाच्या रुंदीच्या २५० पट लांब, आणि फोटोचा कागद फिल्मच्या मानानं लई मंद, आयएसओ (उजेड टिपायचा वेग) ६ वगैरे धरतात, त्यामुळं भर उन्हात पण पाऊण मिनिट लागतं. आज्जी अंगणात स्टुलावर पाऊण मिनिट जराही हलली नाही, हललं ते फक्त शेजारचं कुत्रं आणि ते फोटोत आलंच नाही. मग न्हाणीघराच्या खिडकीला वाकळ लावली, लाल दिवा पेटवला आणि कागद कॉफीत धुतला. हो, कॉफीत. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी, एवढ्यावर फोटो डेव्हलप होतो. ही युक्ती पण विद्यार्थ्यांचीच आहे, १९९५ ला अमेरिकेत रॉचेस्टरच्या इन्स्टिट्यूटमध्ये स्कॉट विल्यम्स नावाच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या पोरांना घेऊन केलेली (व्हिटॅमिन सी लोकांनी नंतर घातलं). काम कॅफीन करत नाही, कॉफीतलं कॅफिक अ‍ॅसिड करतं. वास मात्र असा सुटतो की घरात दोन दिवस कुणी कॉफीचं नाव काढलं नाही.

शेवटी हायपो, कागदावर उरलेले उजेड टिपणारे चांदीचे क्षार धुऊन फोटो पक्का करणारं रसायन. ह्याच्यात चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेलनं १८१९ ला शोधलं होतं, म्हणजे फोटोग्राफी जाहीर व्हायच्या २० वर्षं आधी, तेव्हा त्याचा फोटोला उपयोग होईल हे त्याला तरी कुठं ठाऊक. माझ्याकडं आजही तोच हायपो आहे.

तर हातात आलं ते कागदी निगेटिव्ह (काळं-पांढरं उलटं, वर सांगितला तो फोटो म्हणजे त्याची सुलटी कॉपी), आणि इथंच मला विजापूर आठवलं. इंग्लंडात टॅलबॉटनं कागदी निगेटिव्हचं पेटंट घेतलं १८४१ ला. चांदीचं आयोडाइड लावलेला कागद, त्यावर उलटं चित्र, त्याच्यावरून पाहिजे तेवढ्या कॉप्या. आणि १८५५ ला कंपनी सरकारनं मुंबईच्या तोफखान्यातल्या थॉमस बिग्ज नावाच्या कॅप्टनला विजापूर, बदामी, ऐहोळे ह्या भागातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायला पाठवलं, कारण चित्रकाराला बसवून एकेक कोरीव खांब काढून घ्यायला वर्षं लागायची. बिग्जनं हे काम कागदी निगेटिव्हवर केलं. पुढं त्याला परत सैन्यात बोलावलं आणि काम पिगू नावाच्या डॉक्टरकडं गेलं, आणि ह्या सगळ्या फोटोंची पुस्तकं लंडनमध्ये निघाली १८६६ ला. त्या फोटोंची स्कॅन बघा, बहुतेकांत आभाळ कोरं पांढरं, ढगाचा मागमूस नाही. आमच्या आज्जीच्या मागं आहे तसंच.

मुंबईत तर १८५४ लाच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, तिच्यात भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी होते, आणि एल्फिन्स्टनमध्ये त्याच सुमाराला फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे प्रोजेक्ट सबमिट करणारा मी काय पहिला नव्हे. बेळगावचा नंबर ठळकपणे लागतो तो १८७४ ला, जेम्स बर्जेसनं पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला हंगाम जानेवारी ते मे केला तो बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यातच, आणि त्याच्या रिपोर्टात फोटो आहेत. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो म्हणून 'पश्चिम भारत'. १९५६ नंतर काय झालं ते घरोघरी माहिताय, त्यात इथं शिरत नाही.

आता लुगड्याचं. चांदीच्या क्षारांना मुळात निळा आणि जांभळा उजेडच कळतो. लाल उजेड त्यांच्यावर पडला काय आणि नाही काय, सारखंच. म्हणून तर डार्करूमला लाल दिवा चालतो. लुगड्यावरून निघणारा उजेड लाल, त्यामुळं कागदाला ते दिसलंच नाही. आपल्याकडची तांबडी माती पण काळी येते, येळ्ळूरच्या वाटेवर काढलेला फोटो बघून मित्रानं विचारलं हा डांबरी रस्ता कधी झाला. आणि माणसाचं तोंड आहे त्यापेक्षा सावळं येतं. त्या काळात अंगावर कुठला रंग घातला की फोटोत कसं दिसेल हा हिशेब वेगळाच असणार, लाल शालू नेसलेली नवरी फोटोत काळ्यात उभी.

ह्यावर उपाय निघाला १८७३ ला. हेरमान फोगेल नावाच्या जर्मन प्राध्यापकानं बघितलं की फोटो काढायच्या काचेच्या प्लेटमध्ये ठरावीक रंग मिसळला तर तिला हिरवं पण दिसायला लागतं. लाल दिसायला मात्र वेळ लागला, सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं. त्या आल्या आणि प्लेट धुताना लाल दिवा बंद करावा लागला, सगळं काम पूर्ण अंधारात.

बाजारात एक जुने स्टुडिओवाले काका आहेत, त्यांना विचारलं तर ते हसायलेच. त्यांच्या हातात अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, १२० चा रोल, १२ फोटो की संपला, आणि ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल. रोल अंधारात चाचपडत टाकीत भरायचा आणि कॉपी काढताना मात्र परत लाल दिवा, कारण कागद अजून जुन्याच वळणाचा. "फिल्म शिकली, कागद शिकला नाही" असं ते म्हणाले, आणि ह्यापेक्षा सोपं मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

डिजिटलचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, १९७५, कोडॅकचा स्टीव्हन सॅसन, १०० गुणिले १०० टिपके, कॅसेटवर एक फोटो लिहायला २३ सेकंद. तो पण ब्लॅक अँड व्हाइटच होता. मला जास्त भारी वाटतं ते हे की सिलिकॉनचं कागदाच्या बरोब्बर उलटं आहे. त्याला निळं कमी कळतं आणि लाल जास्त, इतकं की डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेड पण दिसतं, म्हणून कॅमेऱ्यात ते अडवायला फिल्टर बसवतात. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर दाबून बघा, बऱ्याच मोबाईलात बल्ब जांभळट पेटलेला दिसेल. रंगासाठी सेन्सरवर बारीक बारीक चौकोनी फिल्टर असतात, दर चारात दोन हिरवे, एक लाल, एक निळा, ह्याचं पेटंट १९७६ चं, कोडॅकच्याच ब्राइस बायरचं.

म्हणून दुसरा प्रयोग केला. त्याच अंगणात, त्याच स्टुलावर, मोबाईलनं आज्जीचा रंगीत फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर लाल आणि हिरवा चॅनल टाकून देऊन फक्त निळा ठेवला. लुगडं काळं, आभाळ पांढरं, अंगणातली माती काळपट. डब्याचा फोटो आणि हा शेजारी ठेवले तर फरक फक्त कडांचा, डब्याचा मऊ, मोबाईलचा सुरीसारखा. नुसता लाल चॅनल ठेवला तर लुगडं पांढरट आणि आभाळ काळंभोर.

दोन्ही प्रिंट आज्जीला दाखवून सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे ह्या तुझ्या डब्याला लाल काळं दिसतंय, मग निळं नेसले तर? म्हटलं पांढरं येईल.

"पांढरं नको रे बाबा, तुझा आज्जा हाय की अजून."