सातारच्या राजवाड्यातली शाळा

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे एक नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. याच नोंदीमुळे २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात, बाबासाहेबांच्या अभ्यासूपणाचे दाखले दिले जातात. ज्या शाळेत ते दाखल झाले ती कशी उभी राहिली आणि त्या मुलाला तिथे बसायला जागा कोणती मिळाली, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. मला ते सांगणं जास्त गरजेचं वाटतं.

शाळा भरू लागली ती राजवाड्यात. हा वाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास बांधला. इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४७ मध्ये ते तिथेच वारले. गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे भाऊ शहाजीराजे वर्षभरातच, १८४८ साली गेले. त्यांचं दत्तकविधान डलहौसीने नामंजूर केलं आणि राज्य खालसा झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५१ मध्ये, साताऱ्यात सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली. तेव्हाचं नाव सातारा हायस्कूल. महाराजांचं नाव तिला पुढे मिळालं, आणि शाळा जिल्हा परिषदेकडे आली.

सरकारी शाळा म्हणजे सर्वांची शाळा, हे आज आपण गृहीत धरतो. तेव्हा तसं नव्हतं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला. प्रकरण वरपर्यंत गेलं. अखेर १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं, की ज्या शाळांचा सगळा खर्च सरकार करतं त्या सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावर दार उघडलं, पण वर्गाच्या आत काय चालावं हे तो कागद ठरवू शकत नव्हता.

त्याचा पुरावा बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांत, आपल्या नंबराप्रमाणे बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी तो गुंडाळून घरी न्यायचा आणि सकाळी पुन्हा आणायचा. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी घ्यायची, मग शिपायाने नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच. घरीही हाच जाच होता: साताऱ्यात न्हावी कमी नव्हते, पण या मुलांचे केस कापायला कोणी तयार नसे. ते काम थोरली बहीण करायची. आई भीमाबाई मुलं लहान असतानाच साताऱ्यात वारल्या होत्या.

याच शाळेच्या आठवणींत मायेने वागणारे दोन मास्तरही आहेत. आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतलं जेवण भिवाला देत. पेंडसे गुरुजींनी एकदा पावसात चिंब भिजून आलेल्या या मुलाला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली. आंबडवे गावावरून आलेलं त्याचं आंबडवेकर हे आडनाव आंबेडकर गुरुजींमुळे बदललं की कसं, याबद्दल मतभेद आहेत आणि ते इथे मिटवण्याचं कारण नाही. गोणपाट वर्गात रोज आणावाच लागत होता, आणि तरीही त्याच शाळेतल्या दोन माणसांनी आपापल्या कुवतीने ती रीत मोडली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातली एकच सांगणं म्हणजे अर्धं सांगणं.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेलं आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाले. तीही सरकारीच शाळा. तिथे त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून ते फारसी शिकले. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले.

सातारा हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांत आणखी एक मोठं नाव आहे, ते फारसं घेतलं जात नाही. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. जन्म साताऱ्याचाच, १९०१ चा. ते १९११ ते १९१८ या काळात या शाळेत होते, म्हणजे भिवाने शाळा सोडल्यावर सात वर्षांनी आले. घर संस्कृत पंडितांचं. वर्गात कुठे बसायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नसणार. फेब्रुवारी १९६४ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले.

या दोघांची गाठ राज्यघटनेत पडते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथं कलम घातलं, आणि मागासवर्गांसाठी शिक्षणसंस्थांत विशेष तरतूद करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. सप्टेंबर १९६२ मध्ये बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाचा अर्थ लावला. म्हैसूर सरकारने इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांतल्या ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि असं आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावं, असं सांगितलं. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी.