पहाटे पाचची फौंड्री आणि अर्धवट झोप

"घरच्या अडचणी गेटबाहेर ठेवून कामावर या," असे कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आजही सर्रास ऐकू येते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मात्र घरच्या अडचणींनी झोप मोडते, आणि मेंदूचे रसायनशास्त्र पाहिले तर ही अपेक्षा पुरी होणे शक्य नाही.

आपण जागे असताना मेंदूतील पेशी ऊर्जेसाठी एटीपी हे संयुग खर्च करतात आणि त्यातून तयार होणारे ॲडेनोसिन पेशींभोवती साठत जाते. ते चेतापेशींवरील ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटून जाग टिकवणाऱ्या पेशींचे काम मंदावते. तासागणिक वाढणारी पेंग ती हीच. चहातील कॅफिन त्या ग्राहींची जागा अडवते, म्हणून तरतरी येते, परंतु साठलेले ॲडेनोसिन तसेच राहते. त्याचा निचरा होण्यासाठी झोपच लागते.

तिसरी पाळी करून आलेला कामगार सकाळी नऊला झोपतो आणि मुलाला शाळेतून आणण्यासाठी बाराला उठतो. त्याच रात्री पुन्हा कामावर गेल्यावर पहाटे पाचला त्याचे जागरण 17 तासांचे होते. इतक्या जागरणानंतर हात आणि नजर यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवले. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. शिवाय या कामगाराची आधीची झोप तीनच तासांची, आणि पहाटे शरीराचे घड्याळही सावधपणा तळाला नेते.

अशा वेळी मेंदू काही सेकंद नकळत झोपतो. लॅडलमधून, म्हणजे ओतण्याच्या भांड्यातून, वितळलेल्या लोखंडाचा सुमारे 1400 अंश सेल्सिअसचा रस साच्यात ओतताना तेवढ्यात धार तुटली, तर साच्यातील आधीचा रस गोठू लागतो, नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि जॉबवर, म्हणजे ओतीव भागावर, कोल्ड शट हा न जुळलेल्या सांध्याचा दोष येतो. रिजेक्ट झालेले लोखंड पुन्हा भट्टीत घालता येते, वीज आणि मजुरी मात्र गेलीच. यंत्राला लिंबू-मिरची बांधून हे टळत नाही, आणि प्रेरणादायी व्याख्यानांनी ॲडेनोसिन कमी होत नाही.

म्हणूनच पाळ्यांचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावणे आणि अडचणीला आपसात पाळी बदलू देणे यात मालकाचाच फायदा आहे. पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने पुढे सरकवाव्यात, कारण शरीराचे घड्याळ सरासरी 24 तासांहून किंचित लांब असल्याने उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय 2017 पासून कायद्यानेच आवश्यक आहे; ती कागदावर न राहता रात्रपाळीवाल्यांच्या मुलांसाठी दुपारीही उघडी असली, तर बाराचा गजर लावावा लागत नाही आणि झोप सलग होते.