फाइल कंट्रोल ब्लॉक आणि कमांड टेल (सीपी/एम)

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या सीपी/एम या मायक्रोकॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये उघडलेल्या फाइलची नोंद ऑपरेटिंग सिस्टिमकडे नसून प्रोग्रामच्याच मेमरीत असते. या ३६ बाइटच्या नोंदीला फाइल कंट्रोल ब्लॉक (एफसीबी) म्हणतात. पहिला बाइट ड्राइव्हचा (० म्हणजे चालू ड्राइव्ह, १ म्हणजे ए), पुढचे ८ नावाचे, ३ प्रकाराचे. नाव आखूड असल्यास उरलेल्या जागी स्पेस भरतात; मधला ठिपका साठवला जात नाही. बाइट १६ ते ३१ मध्ये डिस्कवरील ब्लॉकांचे क्रमांक येतात.

प्रोग्रामच्या नावापुढे टाइप केलेला मजकूर, म्हणजे कमांड टेल, कमांड प्रोसेसर (टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा सिस्टिमचा भाग) कॅपिटल अक्षरांत बदलून मेमरीतील पत्ता १२८ वर ठेवतो: आधी लांबीचा एक बाइट, मग मजकूर. शिवाय पहिले दोन शब्द फाइलची नावेच आहेत असे धरून तो पत्ता ९२ आणि १०८ वर एफसीबी मांडून देतो. प्रोग्राम २५६ पासून सुरू होतो.

सोय चांगली, पण जागेची काटकसर अंगाशी येते. दोन्ही एफसीबींत अंतर फक्त १६ बाइटचे, त्यामुळे पहिली फाइल उघडताच ब्लॉक क्रमांक दुसऱ्या नावावर लिहिले जातात. दुसऱ्या एफसीबीचे पहिले १६ बाइट आधीच दुसरीकडे उतरवून घ्यावे लागतात. पत्ता १२८ हाच डिस्कचा मूळ बफर, म्हणजे डिस्कवरून वाचलेले ठेवण्याची ठरलेली जागा, असल्याने पहिल्याच वाचनात कमांड टेलही पुसली जाते.

नावात ‘*’ (कोणतीही अक्षरे चालतील) आल्यास कमांड प्रोसेसर एफसीबीत तेवढी ‘?’ चिन्हे भरून मोकळा होतो. जुळणाऱ्या फाइली सिस्टिमची फंक्शन १७ आणि १८ वापरून प्रोग्रामनेच शोधायच्या. सगळे कॅपिटल होत असल्याने बेसिकमधून लहान अक्षरांत नाव दिलेली फाइल नुसत्या इरेज आज्ञेत नाव टाइप करून पुसता येत नाही.

फाइलची लांबी १२८ बाइटच्या रेकॉर्डांत मोजली जाते. मजकूर नेमका कुठे संपतो हे कंट्रोल-झेड (क्रमांक २६ चे चिन्ह) सांगते. बायनरी फाइलमध्ये २६ कुठेही येऊ शकतो, म्हणून अशा फाइली जोडताना पिपला (फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला) ‘ओ’ पर्याय द्यावा लागतो; नाहीतर प्रत फाइलच्या मध्येच तुटते.

एमएस-डॉसने (१९८१) हीच मांडणी प्रोग्रामच्या पहिल्या २५६ बाइटांत उचलली, मात्र डिरेक्टरीत लांबी बाइटांत नोंदवली. एफसीबीत पाथला (फाइल कोणत्या डिरेक्टरीत आहे याला) जागाच नसल्याने २.० आवृत्तीत (१९८३) हँडल, म्हणजे उघडलेल्या फाइलला सिस्टिमने दिलेले क्रमांक, आले. तरीही १२८ वरचा बफर तसाच राहिला, आणि कमांड टेल उतरवून न घेता फाइल शोधणारे प्रोग्राम आपली आर्ग्युमेंट (नावापुढे टाइप केलेले शब्द) गमावत राहिले.