मदतपेटी, आनंद मेळावा आणि ‘देणगी’ नावाचा गुंता

आनंद मेळाव्यात भेळ आणि शेंगाचटणी-भाकरी विकायची, आलेले पैसे एखाद्या बालगृहाला किंवा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे, हे सोलापुरातल्या पालकांना नवे नाही. त्यामागे ‘बालहक्क’ हा शब्द मात्र बराच उशिरा आला.

शिकणाऱ्याला हातभार लावायची रीत जुनी. वार लावून जेवणारे विद्यार्थी, वसतिगृहासाठी घरोघरची मूठभर ज्वारी. १९४९ पासून ७ डिसेंबरला सैनिकांच्या निधीसाठीचा ध्वजदिन आला आणि छातीवर लावायचे छोटे झेंडे मुलांच्या हाती पडले.

खरी आठवण किल्लारीच्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. सोलापूरही हादरले, जखमींना इथल्या रुग्णालयांत आणले गेले. त्या आठवड्यात मुलांनी दप्तरातून कपडे, ज्वारी, कडक भाकरी आणल्या. कुणाला पावती नाही, कुणाला ठरवून दिलेला आकडा नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला होता तो ११ डिसेंबर १९९२ ला, भूकंपाच्या जेमतेम दहा महिने आधी. वर्गात त्याचे नावही कुणी ऐकलेले नव्हते.

तरी हक्काचा प्रश्न त्याच बाकावर बसलेला होता. विडी वळण्याच्या कामावर चौदा वर्षांखालील मुलांना ठेवायला १९८६ च्या कायद्याने बंदी घातली, पण मालकाने घरच्यांना हाताशी घेऊन केलेले काम त्यातून वगळले. त्यामुळे घरी आईशेजारी बसून पाने कापणारी मुलगी अनेकदा बंदीच्या बाहेरच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मदतपेटीत रुपया टाकणारीही तीच. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे या शहरात वेगळे करणे कधीच सोपे नव्हते.

गुंता वाढवला तो ‘देणगी’ या शब्दाने. पालकांच्या बोलण्यात देणगी म्हणजे प्रवेशाच्या वेळी टेबलाखालून मागितली जाणारी रक्कम. महाराष्ट्राने १९८७ मध्येच अशा रकमेवर, म्हणजे कॅपिटेशन फीवर, बंदी आणली. शिष्यवृत्ती, बक्षिसे अशा निधीसाठी सद्भावनेने दिलेली देणगी घ्यायला मुभा ठेवली, अट अशी की तिच्या बदल्यात जागा राखायची नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने व्याख्या आणखी ताणली: जाहीर केलेल्या फीपलीकडची कोणतीही देणगी वा वर्गणी म्हणजे कॅपिटेशन फी, आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. कायद्याचा रोख प्रवेशावर होता. तरी अनाथाश्रमासाठी ठेवलेली पेटी आणि प्रवेशाची ‘देणगी’ यांना नाव एकच, म्हणून प्रामाणिक मुख्याध्यापकही बिचकतो. ज्याने बिचकायला हवे तो मात्र ‘इमारत निधी’ लिहून मोकळा होतो.

मागणे ऐच्छिक आहे, असे सूचनेत लिहिले म्हणून ते ऐच्छिक होत नाही. कुणी किती आणले याची यादी फळ्यावर लागली की गरीब घरातले मूल त्या दिवशी शाळेलाच येत नाही. ज्या शिक्षणाच्या हक्कासाठी पैसे गोळा करायचे, त्यालाच खीळ बसते. खरे तर बालहक्क करारातले बारावे कलम मुलांचे मत ऐकायला सांगते. निधी कुणाला द्यायचा हे मुलांना विचारले, तर बहुधा पहिले नाव त्यांच्याच वर्गातून येईल.

आता पावतीवर ‘ऐच्छिक मदत’ किंवा ‘लोकसहभाग’ असे शब्द दिसतात. मेळाव्याच्या दहा कुपनांचे पुस्तक विकून आणायचे काम मात्र आठवीच्या मुलांकडेच आहे.