तपकिरीला वास कुठून आला

फोंड्याला आमच्या घरी तपकीर बाजारातून साधी यायची आणि वास तिला घरी लागायचा. उन्हाळ्यात पहाटे देवळाच्या आवारात ओवळांचा सडा पडायचा. घाटावर ज्याला बकुळ म्हणतात तेच हे फूल. आम्ही मुले फुले वेचून आणायचो. त्यातली निम्मी आजी केळीच्या दोऱ्यात ओवायची, उरलेली आजोबा सुपात घालून सावलीत वाळवायचे. फुले खडखडीत वाळली की चिनी मातीच्या बरणीत तळाला फुलांचा थर, त्यावर धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर बोटभर तपकीर, पुन्हा कापड, पुन्हा फुले. तोंडाला फडके बांधून बरणी फडताळात जायची. तिसऱ्या दिवशी फुले बदलायची, असे चार-पाच वेळा. ‘ओलीं फुलां घालूं नाका,’ असे आजोबा दर वेळी बजावायचे. एका वर्षी मी घाई केली. आठवड्याभरात तपकिरीवर पांढरी बुरशी धरली आणि सगळी बरणी परसात उपडी करावी लागली.

आता पुन्हा कुणी कुणी घरी असे प्रयोग करताना दिसतात. साध्या तपकिरीत मेन्थॉलचे खडे, निलगिरीचे तेल, केकसाठी आणलेला व्हॅनिला इसेन्स मिसळून बघतात. हा आजकालचा छंद आहे असे त्यांना वाटते. खरे तर घरी वास लावणे हीच तपकिरीची जुनी रीत. डबाबंद, तयार वासाची तपकीर नंतरची.

आणि नाकातून सुगंधी पूड ओढणे तर तंबाखूपेक्षाही जुने. आयुर्वेदात नस्याचे, म्हणजे नाकातून औषध देण्याचे, जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘प्रधमन’ म्हणजे कोरडे चूर्ण नळीने नाकात फुंकणे. त्यासाठी कायफळ वापरतात. त्याची पूड नाकात गेली की शिंकांवर शिंका येऊन डोके मोकळे होते. वाळलेल्या बकुळीची पूडही डोकेदुखीवर अशीच हुंगतात. म्हणजे आजोबांच्या बरणीत फुले पाहुणी नव्हती. पाहुणी तंबाखू होती.

ही पाहुणी कधी आली याचा एक अंदाज गोव्यातूनच बांधता येतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीची नगरपालिकेची बाग त्याच्याच नावाने ओळखली जाते. लवंग, जायफळ, भांग, अफू, फणस, आंबा असे सगळे त्यात आहे. तंबाखूवर संवाद नाही. त्याच सुमारास, 1560 च्या आसपास, तिकडे लिस्बनमध्ये झां निको हा फ्रान्सचा वकील तंबाखूच्या गुणांनी भारावला होता. त्याने ती फ्रान्सच्या राजमातेकडे, कॅथरीन द मेदिचीकडे, पाठवली. तिथे तंबाखूची पूड डोकेदुखीवरचे औषध म्हणून नाकात गेली. निकोटीन हे नाव या निकोचेच. बकुळ डोकेदुखीवर आणि तंबाखूही डोकेदुखीवर, हा योग मला फार महत्त्वाचा वाटतो. औषध म्हणून पूड हुंगायची सवय आधीच असलेल्या मुलखात नवी पूड रुजायला वेळ लागला नसावा.

पोर्तुगीजांनी तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर उतरवली आणि ती लगोलग घाट चढली. 1604 च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून ती त्याच्या दरबारी घेऊन गेला. 1617 मध्ये जहांगीराने बंदी घातली, पण ती टिकली नाही.

गोव्यात मात्र तंबाखू ही सरकारी तिजोरीची बाब झाली. तंबाखूचा मक्ता सांभाळायला लिस्बनमध्ये 1674 साली खास मंडळ नेमले गेले आणि 1680 मध्ये गोव्यातही तसेच मंडळ आले. विकण्याचा हक्क मक्तेदाराकडे आणि माल ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला. बाहियात तंबाखूचे दोरखंडासारखे पीळ वळून त्यांना उसाची काकवी चोपडत. पान लांबच्या प्रवासात कोरडे पडू नये म्हणून हा उपाय होता, पण त्याने तंबाखूला गोडसर, आंबूस वास आला आणि गिऱ्हाइकाला तोच आवडू लागला. तपकिरीच्या वासाची अशी बरीचशी गोष्ट आहे. आधी टिकवण्याची गरज, मग तीच चव.

तुपाचेही तसेच. जर्मनीतल्या बव्हेरियात याच ब्राझिली तंबाखूच्या तपकिरीत लोणी कढवून घालत. तिथल्या तपकिरीला नावच स्निग्धावरून पडले. मद्रासकडच्या तपकिरीत तूप आणि चुना असतो. स्निग्धाने पूड जड होते आणि घशात उडत नाही. शिवाय फुलांतली सुगंधी तेले स्निग्धात विरघळतात, त्यामुळे वास धरून राहतो. आजोबा पावशेर तपकिरीला चमचाभर साजूक तूप लावायचे, तेही फुलांच्या आधी. नंतर लावले की गुठळ्या व्हायच्या.

पोर्तुगीजांत तपकिरीला ‘रापे’ म्हणतात. शब्द फ्रेंचांचा, अर्थ किसलेली. सतराव्या शतकात युरोपात शौकीन माणूस तंबाखूचा घट्ट वळलेला गड्डा आणि लहानशी किसणी जवळ ठेवी आणि लागेल तशी किसून घेई. म्हणजे तपकीर घरचीच, वासही घरचाच. संत्र्याची फुले, जाई, गुलाबाचे अत्तर, कस्तुरी, जे परवडेल ते. स्पेनमधल्या सेव्हिलच्या कारखान्यात तांबडी मातीही मिसळत. 1702 मध्ये व्हिगोच्या खाडीत इंग्रजांनी स्पेनच्या जहाजांवरची तपकीर लुटली, ती इंग्लंडभर स्वस्तात विकली गेली आणि तिथेही तपकिरीची सवय पसरली.

तपकिरीत फुले थरावर थर घालून ठेवायची ही पद्धत आपल्याला परकी नाही. कनौजकडे तीळ आणि मोगरा असेच थरांत ठेवून, वास मुरला की त्या तिळांचे तेल काढत आले आहेत. मोगरा आणि जाई खुडल्यावरही कित्येक तास सुगंध सोडत राहतात, म्हणून ती ताजीच घालतात. पण ताज्या फुलात पाणी असते. तीळ ते सोसतात, तपकीर सोसत नाही. गोव्याच्या दमट हवेत तर नाहीच. ओवळांचा वास वाळल्यावरही जात नाही, सुरंगीचाही नाही. आजोबांनी हीच फुले का धरली, हे मला फार उशिरा कळले.

धर्माच्या अंगानेही तपकिरीचा प्रवास निराळा आहे. चर्चमध्ये तपकीर ओढण्यावर पोप आठवे अर्बन यांनी 1642 मध्ये सेव्हिलपुरती बंदी घातली आणि 1725 मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी ती सैल केली. आपल्याकडे विडी न ओढणारे भटजी-शास्त्री कनवटीला तपकिरीची डबी बाळगायचे. मराठीत तर एका रंगाचेच नाव तपकिरी पडले.

आता वासाची दुसरी बाजू, कारण ती न सांगता हे प्रयोग सांगणे मला पटत नाही. चुना घातला की तपकिरीतले निकोटीन मोकळे होते आणि नाकातून जास्त भिनते. तो मसाला नव्हे, मात्रा वाढवणारी गोष्ट आहे. मेन्थॉल आणि कापूर थंडावा देऊन झोंब झाकतात, म्हणून पुढची चिमूट मोठी होते. तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात गाठी होतात, हे लंडनच्या जॉन हिल या डॉक्टरने 1761 मध्येच लिहून ठेवले. आज बिनधुराची तंबाखू कर्करोगकारक ठरलेली आहे.

गोव्याने वासाचा हा खेळ लहान मुलांच्या बाबतीत पाहिला. ट्यूबमधली मलईसारखी तपकीर, लवंगेचे तेल, कापूर, पुदिन्याचा वास घातलेली, टूथपेस्टसारखी विकली जायची आणि शाळकरी मुले तिने दात घासायची. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्राने 1992 मध्ये बंदी घातली. गोव्यात तंबाखूविरुद्ध चळवळ शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी उभी केली. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा 1997 चा, आणि 2003 च्या तंबाखूविषयक केंद्रीय कायद्याच्या यादीत तपकीरही आहे. मला त्या ट्यूबचा गोडसर वास अजून आठवतो. शेजारच्या घरी मोरीच्या कोनाड्यात ती ब्रशांबरोबर उभी असायची.

डॉक्टरांनी बजावल्यावर आजोबांनी तंबाखू थांबवली. उन्हाळ्यात फुले मात्र आम्ही आणत राहिलो. वाळलेली ओवळां खलबत्त्यात कुटून, धोतराच्या त्याच फडक्यातून वस्त्रगाळ करून ते पितळी डबीत भरायचे आणि वर कायफळाची पूड घालायचे. कायफळ चिमटीच्या टोकावर राहील एवढेच. एकदा जास्त पडले तेव्हा ते पडवीत बसून सलग इतके शिंकले की आजी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.