टिनाच्या शेडमधली यंत्रे पावसाळ्यात का गंजतात?

विदर्भातील खेड्यांत वेल्डिंग, सुतारकाम किंवा शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करणाऱ्यांची यंत्रे बहुधा टिनाच्या शेडमध्ये असतात आणि त्याच शेडच्या एका कोपऱ्यात युरिया-पोटॅशच्या पोत्यांची थप्पीही लागलेली असते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ड्रिल मशीनचा चक (ड्रिल पकडून ठेवणारा जबडा) आणि रंधा मशीनचा बिडाचा टेबल चकचकीत राहतो, पण मृग लागून काही दिवस होत नाहीत तोच त्यांच्यावर तांबूस थर चढू लागतो. छप्पर कुठेही गळत नसताना हे घडते, त्यामुळे सगळा दोष पावसाच्या माथी मारून चालत नाही.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा न दिसणारा पातळ थर धरतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. जुलैतल्या एखाद्या रात्री तापमान २६ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते) सुमारे २४ अंशांवर असतो, म्हणजे यंत्राचा पृष्ठभाग हवेपेक्षा अवघा दोन अंश थंड असला तरी त्यावर दव धरते. बिडाचे जड यंत्र सावकाश तापते. सकाळी शटर उघडून बाहेरची उबदार, दमट हवा आत आली की ते रात्रीच्याच थंडाव्यात असते आणि नेमके तेव्हाच ओले होते.

अशा पाण्यात क्षार मिसळले की गंजण्याला जोर येतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. एव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग केला होता, जो घासून स्वच्छ केलेला पत्रा आणि मिठाच्या पाण्याचा थेंब घेऊन कोणालाही करून पाहता येतो. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो, मधोमध मात्र तो कमी पडतो. या फरकामुळे मधले लोखंड विरघळू लागते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि काही तासांत मध्य व कड यांच्यामध्ये गंजाचे कडे उमटते. थेंब पुसला की खड्डा सापडतो तो मध्यभागी, म्हणजे गंज जिथे दिसतो तिथे नव्हे. टेबलावर साचलेल्या ओल्या भुशाखालीही हेच चालते.

शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतात ते खत बहुतांशी पोटॅशियम क्लोराइड असते आणि त्यातील क्लोराइड लोखंडाला मिठाइतकेच घातक ठरते. युरिया स्वतः ओल ओढतो. तरीही यंत्र झाकायला खताचेच रिकामे पोते वापरण्याची पद्धत सर्रास दिसते, जी माझ्या मते न झाकण्याहूनही वाईट आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून उडणारे आम्लाचे सूक्ष्म तुषार आणि उघड्या ठेवलेल्या संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडच्या वाफाही बंद शेडमधील प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचतात. हाताच्या घामातही क्लोराइड असतेच. खत आणि बॅटरी दुसरीकडे हलवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. लहान यंत्रांच्या कपाटात एक जुना पिवळा बल्ब पेटता ठेवला तरी बराच फरक पडतो, कारण २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ५ अंशांनी तापली की तिची आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर येते. मात्र बल्बजवळ तेलाची चिंधी किंवा भुसा असता कामा नये.

गंज काढण्यापूर्वी प्लग काढावा. वरवरचा गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो. जाड गंजासाठी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातील लिंबूफूल, घालून सुटा केलेला भाग काही तास बुडवावा, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवावा, कारण उघडा पडलेला ताजा धातू ओला राहिला तर काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतो. मोटर, स्विच आणि बेअरिंग कधीही बुडवू नये.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरूनही गंज काढता येतो. त्यात गंजलेला भाग आणि साधी लोखंडी पट्टी सोड्याच्या पाण्यात बुडवून चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार पट्टीला जोडतात. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेतल्यास विषारी क्रोमियम पाण्यात उतरते आणि सोड्याऐवजी मीठ घातल्यास क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजन तर निघतोच, म्हणून हे काम उघड्यावर करावे.

स्वच्छ झालेल्या टेबलावर पातळ मेण चोळावे, कारण तेलाला भुसा चिकटतो. आपल्याकडे मुबलक मिळणारे जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट पापुद्रा धरते, त्यामुळे ते स्टँड आणि हँडलच्या लोखंडाला उत्तम, पण चक किंवा गिअरला लावल्यास तिथे चिकटा होऊन बसतो. हे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत. सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.